गिअरबॉक्समधलं मुशीचं तेल

थंडी ही गोष्ट आमच्याकडे कुणी फारशी मनावर घेत नसे. माझं माहेर डोंबिवलीचं, कोपरच्या बाजूला. जानेवारीत आई पेटीतून स्वेटर काढायची, डांबराच्या गोळ्यांच्या वासासकट आम्ही ते मिरवायचो आणि दोन दिवसांत घामोळं आलं म्हणून परत पेटीत टाकायचो. सासर माजिवड्याच्या पलीकडे, खाडीकाठच्या कोळ्यांच्या वस्तीत. तिथे तर पंखा बंद करून झोपावं लागलं की थंडी पडली असं म्हणत. थंडीने माणसाचं नाक गळतं, एवढंच आम्हाला माहीत. तीच थंडी टेंपोच्या गिअरबॉक्समध्ये शिरून एका बाईचा धंदा बुडवायला निघते, हे मला लग्नानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात कळलं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा.

ती बाई म्हणजे माझ्या सासूबाई. सुकी मासळी विकायच्या. बोंबील, जवळा, सोडे, वाकट्या असा माल घेऊन कसारा घाट चढायच्या आणि इगतपुरीच्या पुढच्या एका गावच्या आठवडी बाजारात बसायच्या. पूर्वी टोपल्या घेऊन गाडीने, मग एसटीने. पुढे त्यांचे गुडघे गेले. चार पावलं टाकली की भिंत धरायच्या. तेव्हा सासऱ्यांनी होडीतला आपला हिस्सा भावाला देऊन टाकला आणि एक जुना टेंपो घेतला. सगळ्यांना सांगताना म्हणायचे, "आता दर्यात काय हाय? म्हनून घेतला." खरं कारण ते गुडघे होते. पण बायकोसाठी काही केलं हे कबूल करणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. घरात तर उलट सुरू असायचं, "आता बस कर गो बाजार. घरात बसून खा."

त्या ऐकायच्या आणि जाळीवरचे बोंबील उलटे करायच्या.

त्या बाजाराची एक रीत होती. जागा कुणाच्या नावावर नसे. जी येते, बसते, माल मांडते तिची ती जागा. एखादा बाजार चुकला तर शेजारचे सांभाळून घेत, दुसरा चुकला तरी कुरकुरत का होईना घेत. तिसराही चुकला की मात्र जागा गेली, मग भांडून उपयोग नाही. आणि आणखी एक. जेवढा माल तेवढी जागा. एक टोपली घेऊन आलात तर एका टोपलीपुरतं बसा, दोन्ही बाजूंचे सरकून येणार. सासूबाईंची जागा पिठाच्या गिरणीच्या भिंतीला लागून होती. दुपारपर्यंत सावली, समोरून सगळ्या बाजाराची ये-जा. त्यांच्या सासूने ती धरलेली, त्यांनी राखलेली.

त्या वर्षी त्यांचे दोन बाजार लागोपाठ चुकले, ते टेंपोच्या गिअरबॉक्समुळे. गिअरबॉक्स कण्हायला लागला होता. दुसरा टाकला की ऊं ऊं, तिसरा टाकला की त्याहून मोठ्याने. माजिवड्याच्या नाक्यावरच्या गॅरेजवाल्याने तो उतरवला, आतलं बेअरिंग बदललं आणि ते मिळवण्यात दोन आठवडे घालवले. टेंपो परत आला तो निरोपासोबतच. घाटावरून येणाऱ्या एका मिरचीवाल्याने सांगितलं की वसईकडची एक सुक्या मासळीवाली दोन बाजार तुमच्या जागेवर बसते आहे, आणि या शनिवारी तुम्ही नाही आलात तर कायमची बसणार आहे.

सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. मी ताट घेऊन गेले तर म्हणाल्या, "जागा गेली तर मी पन गेली असा समज. मंग ह्या घरात मी फक्त खायाला." मला राग आला. ताट तिथेच ठेवून आले. पण पटलं होतं. घरात बसवलेली ती बाई कशी दिसेल याचा मी विचार केला आणि मला ते चित्र आवडलं नाही.

आता सासऱ्यांनी काय केलं ते सांगते. आम्हाला ते नंतर कळलं, पण तुम्हाला कशाला ताटकळत ठेवू? टेंपो घरी आला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना दिसलं की गिअरबॉक्सखाली तेलाचे थेंब पडतायत. सील गळत होतं. गॅरेजात परत न्यावं तर तो उतरवणार, आणि शनिवार जाणार. गिअर ऑईल आणून ओतावं तर गॅरेजवाल्याला आणि शेजाऱ्यांना कळणार, मग सासूबाईंना कळणार आणि त्या घाबरणार. घरात पडवीत एक पत्र्याचा डबा होता, मुशीच्या तेलाचा. मुशी म्हणजे आपल्याकडचा लहान शार्क. त्याच्या काळजाचं तेल काढून होडीच्या फळ्यांना लावतात, फळी खाऱ्या पाण्यात कुजत नाही. सासऱ्यांनी आयुष्यभर या तेलाने होड्या माखल्या होत्या. जे तेल लाकूड समुद्रात टिकवतं ते लोखंड डब्यात नक्कीच टिकवेल, असा त्यांचा हिशोब. त्यांनी नरसाळं लावलं आणि ओतलं.

गंमत म्हणजे गिअरबॉक्स गप्पच राहिला. अगदी लोण्यासारखा गिअर पडायला लागला. शुक्रवारी दुपारी आम्ही निघालो तेव्हा सासरे असे ऐटीत बसले होते की मला वाटलं गाडी नवीनच आहे. नवऱ्याची फॅक्टरीत पाळी होती म्हणून टोपल्या उचलायला मी. डोंबिवलीची, बँकेतल्या कारकुनाची मुलगी, जिच्या माहेरी मासे शिजतात ते रविवारी आणि खिडक्या लावून. सुक्या मासळीच्या वासाशी माझा तोवर तहच झाला होता, दोस्ती नव्हती. तीन माणसं पुढे दाटीवाटीने, मागे मालाच्या गोण्या. शहापूर गेलं, खर्डी गेली, घाट आला. चढावर सासरे मुद्दाम गिअर बदलून दाखवत होते. "आवाज येतं का? नाय ना?" सासूबाईंनी पदराची गाठ सोडून सुपारी काढली, म्हणजे जीव थोडा निवला होता.

मुक्काम नेहमीचा. गावाबाहेर ओढ्याच्या वर एका शेतकऱ्याचं घर, सासूबाईंचं वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक. घरापासून उतार थेट ओढ्याकडे जातो आणि गाव मागे, वरच्या अंगाला. सासऱ्यांनी टेंपोचं तोंड ओढ्याकडे करून लावला. हँडब्रेकवर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून उतारावर लावतात तसा रिव्हर्स गिअर टाकून ठेवला आणि चाकाखाली दगड. घरातल्या माणसाने आम्हाला घोंगड्या दिल्या आणि म्हणाला, "आज लई गारठा हाय, मावशी." सासरे हसले. त्यांना वाटलं, घाटावरची माणसं उगाच बाऊ करतात.

सकाळी उठले तर माझ्या बोटांना काही धरता येईना. दावणीची गुरं तोंडातून वाफा सोडत होती. गवतावर दव असं बसलं होतं की चालताना पाय भाजल्यासारखे वाटले. सासूबाईंनी घोंगडी गुंडाळली होती, वर शाल, वर माझं स्वेटर, आणि त्या केबिनमध्ये जाऊन बसल्याही होत्या. सासऱ्यांनी क्लच दाबून धरला आणि शेतकऱ्याने हँडल मारून मारून इंजिन लावलं. मग सासरे गिअरचा दांडा न्यूट्रलला आणायला गेले. दांडा हलेना. एका हाताने, मग दोन हातांनी, मग पाय डॅशबोर्डला लावून. दांडा रिव्हर्समध्ये जो बसला तो बसला.

"काय जाला?" सासूबाईंनी विचारलं.

"थंडी," सासरे म्हणाले. एवढंच.

आमच्या घरी खोबरेल थिजलं की बाटली उन्हात ठेवतो. इथे अख्खा गिअरबॉक्स थिजला होता, आणि ऊन यायला वेळ होता. बाजार मात्र उन्हासाठी थांबत नाही, पहिल्या एसटीबरोबर जागा भरायला सुरुवात होते. सासूबाईंच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं आणि मला भडभडून आलं. त्या खाली उतरल्या, चार पावलं टाकली, टेंपोचा पत्रा धरून उभ्या राहिल्या. गावापर्यंतचा चढ त्यांना दिसत होता. आणि आपले गुडघे माहीत होते.

"तू जा," त्या मला म्हणाल्या.

"मी? मी काय करू तिथे?"

"बस. माल मांड. गिरनीच्या भिंतीला खिला हाय मोठा, तिथून मोजायचा. कोन काय बोलला तर उठायचा नाय."

खिळ्यापासून किती मोजायचं ते मी विचारायला हवं होतं, पण तोवर त्यांनी बोंबलांची टोपली माझ्या डोक्यावर ठेवलीही होती. डोक्यावर ती दहा पावलं टिकली. मग कमरेवर घेतली, मग पोटाशी धरली. डोंबिवलीच्या शाळेत मला धावण्यात बक्षीस होतं, त्याचा काही उपयोग झाला नाही. चढ चढून बाजारात पोचले तेव्हा घामाने मी डोंबिवलीत परत आल्यासारखी झाले होते.

गिरणी सापडली, खिळा सापडला. जागा मोकळी होती. उजवीकडे तो निरोप आणणारा मिरचीवाला मिरच्यांचे ढीग लावत होता. डावीकडच्या लसूणवाल्याचा पत्ता नव्हता. मी गोणपाट अंथरलं आणि टोपली मधोमध ठेवून बसले. एवढ्या मोठ्या जागेत ती टोपली हरवलेल्या पोरासारखी दिसत होती. तेवढ्यात एसटीतून उतरून ती वसईकडची आली. माझ्या आईच्या वयाची, दोन्ही काखांत गोण्या, मागे हमालाच्या डोक्यावर आणखी. मला पाहून थांबली.

"तू कोण गं?"

मी सासूबाईंचं नाव सांगितलं.

"ती कुठाय?"

"येतेय. टेंपो मागे आहे."

"मागे असो नाहीतर पुढे. तुझी एक टोपली आहे ना? मग एका टोपलीची जागा घे आणि सरक." तिच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. ती रीत सांगत होती, आणि रीत तिच्या बाजूची होती. तिने मिरचीवाल्याकडे पाहिलं. त्यानेही मान हलवली. "रीत तीच हाय, ताई. जेवढा माल तेवढी जागा."

मला राग आला की डोकं जास्त चालतं, हे माझी आई लग्नाआधीपासून सांगायची. मी टोपली उलटी केली. एकेक बोंबील उचलला आणि मांडायला लागले. एक इथे, एक हातभर पलीकडे, एक त्याच्याही पलीकडे. सगळ्या गोणपाटावर, मग गोणपाट संपल्यावर माझी शाल अंथरून तिच्यावर, मग सासूबाईंनी बांधून दिलेल्या भाकरीच्या फडक्यावर. वाळत घातल्यासारखे नव्हे, तर लग्नाच्या पंगतीत पानं मांडतात तसे, रांगेत. खिळ्यापासून कुठवर जायचं माहीत नसल्याने बोंबील संपेपर्यंत गेले. मग मधोमध जाऊन बसले आणि म्हणाले, "हा बघा माल. एवढी जागा."

वसईवाली बघतच राहिली. मिरचीवाल्याने तोंडावर उपरणं धरलं, हसू लपवायला. "माल तर मांडलाय," तो म्हणाला, "पन असा कुनी मांडलेला बगितला नव्हता." ती बाई काही बोलायला गेली, पण आजूबाजूचे सगळेच हसायला लागले आणि हसणाऱ्या बाजारात भांडण उभं राहत नाही. तिने गोण्या माझ्यासमोर जमिनीवर आपटल्या आणि त्यांच्यावर बसून राहिली. टेंपो आला नाही तर हे बोंबील वाऱ्याने उडाले तरी पुरे, असा तिचा विचार असणार. मलाही तीच भीती होती. एकेका बोंबलावर मी नजर ठेवून होते.

ओढ्यावर तोवर काय झालं ते मला सासूबाईंनीच पुढे सांगितलं, आणि प्रत्येक वेळी सांगताना त्या थोडं वाढवत गेल्या. घरमालकाने भाताचा पेंढा आणून टेंपोखाली धग केली. घाटावरचे ट्रकवाले थंडीत असंच करतात. गिअरबॉक्स तापायला लागला आणि वास सुटला. घरमालकाला वाटलं कुणी मासे भाजतंय. त्याची कुत्री टेंपोखाली घुसायला लागली. सासूबाईंनी मात्र एकदाच नाक वर केलं. ज्या बाईने आयुष्यभर मासळी वाळवली तिला कोणत्या माशाचं काय जळतंय हे सांगावं लागत नाही.

"मुशीचा तेल टाकलाव?"

सासरे खाली बघत होते. "तेल गलत होता. परत गॅरेजात टाकला असता तर तुजा बाजार गेला असता."

इतकी वर्षं बाजार सोड म्हणणारा माणूस हे बोलला. सासूबाईंनी स्वतः दांडा हलवून पाहिला. अजून घट्टच होता. इंजिन सुरू होतं, क्लच चालत होता, टेंपो फक्त मागेच जाऊ शकत होता. आणि गाव मागेच होतं.

"मंग उलटा चला," त्या म्हणाल्या.

पण मालामुळे सासऱ्यांना मागचं काही दिसेना. तेव्हा सासूबाई मागचा फाळका पाडून गोण्यांवर बसल्या, दुखरे पाय खाली सोडून, तोंड गावाकडे. होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला बसून सुकाणूवाल्याला सांगतात तसं ओरडून सांगत राहिल्या, डाव्या हाताला, उजव्या हाताला, बैल हाय, थांब.

आधी मला इंजिनाचा आवाज आला, रिव्हर्सचा तो उंच, किरकिरा आवाज. मग बाजार दुभंगला. लोक बाजूला होत होते, पोरं टाळ्या पिटत होती. टेंपो पाठमोरा येत होता, आणि त्याच्या पाठीवर, सगळ्यांकडे तोंड करून, घोंगडी आणि माझं स्वेटर घातलेल्या सासूबाई बसल्या होत्या. मागोमाग, म्हणजे टेंपोच्या तोंडाकडून, कुत्र्यांची रांग. भाजल्या मुशीच्या वासाने सगळ्या बाजाराला भूक लागली असेल. सासऱ्यांची मान इतकी वळलेली की ती सरळ व्हायला पुढे आठवडा गेला. गिरणीसमोर टेंपो थांबला आणि नेमका तेव्हाच, दांड्याला हात लागताच, गिअर सुळकन न्यूट्रलला आला. सासऱ्यांनी त्याला दिलेली शिवी इथे लिहिण्यासारखी नाही.

मला इतका आनंद झाला की मी रडायला लागले. सासूबाई उतरल्या, टेंपो धरून उभ्या राहिल्या आणि समोर पाहिलं. गिरणीच्या खिळ्यापासून सुरू झालेली बोंबलांची रांग त्यांनी डोळ्यांनी मोजली. लसूणवाल्याची निम्मी जागा ओलांडून ती पलीकडच्या खांबाशी पोचली होती.

"यवरी जागा," त्या वसईवालीकडे बघत म्हणाल्या, "माज्या सासूची पन नव्हती."

वसईवालीलाही शेवटी हसू आलं. तिने गोण्या उचलल्या. सासूबाईंनी तिला थांबवलं, टोकाचे चार-पाच बोंबील स्वतः सरकवले आणि तिथे बस म्हणाल्या. लसूणवाला उशिरा आला तेव्हा त्याच्या एका पोत्याला उरलेली निम्मी जागा पुरली. पुढची कित्येक वर्षं वसईवाली तिथेच बसली, आणि तिच्या मुलीच्या लग्नाला आम्ही सगळे वसईला गेलेलो. त्या टेंपोचा गिअरबॉक्स पुढच्याच आठवड्यात माजिवड्याला उघडला गेला, आणि आत काय ओतलंय हे नाकाला कळताच गॅरेजवाला रस्त्यावर जाऊन उभा राहिला.

पण ते नंतरचं. तेव्हा सासरे गोण्या उतरवायला लागले होते आणि मी डोळे पुसून उठत होते. जागा त्यांची होती. माझं काम संपलं होतं, आता त्यांनी मधोमध बसायचं आणि मी मागून माल द्यायचा, असंच मला वाटत होतं.

सासूबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला खाली दाबलं.

"उठू नको गो," त्या म्हणाल्या. "तू उठलीस तर परत एकीपुरतीच उरंल. ही दोघींची हाय."

मग भिंतीला हात लावत, गुडघ्यांना शिव्या देत, त्या हळूहळू माझ्या शेजारी बसल्या आणि मला तराजू कसा धरायचा ते दाखवायला लागल्या.